अपंगत्वाचे शास्त्र कोण शिकवणार?

एखादे काम चांगल्या मनाने करता येत असेल, तर त्यासाठी विद्यापीठाची पायरी कशाला चढायची, असे आपल्याकडे धरून चालतात. अपंगांचे काम हे त्यातले पहिले. अंध माणसाला रस्ता ओलांडून द्यायला पदवी लागत नाही. वाढदिवसाला मतिमंद मुलांच्या शाळेत जाऊन गोडाचे जेवण द्यायलाही लागत नाही. त्यामुळे या विषयात एम.ए. करता येते असे कोणी सांगितले, की ऐकणारा एक तर हसतो, नाही तर ‘पुढे नोकरी कुठली?’ असे विचारतो. दोन्हींमागे समजूत एकच. हा दयेचा मामला आहे, आणि दया काय कुणी शिकवावी लागते?

दया शिकवावी लागत नसेल, मान्य. पण अंध माणसाला बँकेत खाते कसे चालवता यावे, कर्णबधिर मुलीची फिर्याद पोलिसाने कशी लिहून घ्यावी, अंगणवाडीत पाय ओढत येणाऱ्या मुलाला कोणी परत पाठवू नये म्हणून नियम कसा करावा, हे शिकावेच लागते. ते न शिकलेली भली माणसे जागोजागी बसलेली आहेत. त्यांच्या भलेपणाबद्दल शंका नाही. पण त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिलेला माणूस कामाशिवाय परत जातो, हेही तितकेच खरे आहे.

बँकेत असताना पाहिलेले एक उदाहरण सांगतो. १९९०च्या सुमाराची गोष्ट. निफाड भागातले एक द्राक्षबागायतदार शाखेत येत असत. त्यांचा मुलगा नेहमी बरोबर असे. मुलगा विशीचा, पण समज सहा-सात वर्षांच्या मुलाची. तात्यांनी त्याच्या नावाने मुदत ठेव ठेवली होती. एके दिवशी ते काउंटरवर ओणवून हळू आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, आज मी सही करतो. मी गेल्यावर ह्याची सही कोण करील?’’ मी त्यांना सांगितले, ‘‘तात्या, मुलगा अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी कायद्याने तुमचेही पालकपण संपले. आता न्यायालयातून पालक नेमून आणावा लागेल.’’ तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाच्या शर्टाचे बटण लावले आणि पासबुक पिशवीत ठेवले. जिल्हा न्यायालयाच्या खेपा, वकिलाची फी आणि बागेची छाटणी, या तीन गोष्टी त्यांच्या एका वर्षात मावणाऱ्या नव्हत्या.

हाच प्रश्न घरोघरच्या आईबापांनी वर्षानुवर्षे विचारला. अखेर १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे आले. या समितीत एक स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी आणि एक स्वतः अपंग असलेली व्यक्ती असते. २००७ साली रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना कळवले, की या समितीचे प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी ग्राह्य धरावे. तात्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. मात्र ते उत्तर काउंटरवर पोहोचले का? आजही कुठल्याही शाखेत जाऊन या प्रमाणपत्राबद्दल विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी समोरचा तरुण अधिकारी मोठ्या साहेबांकडे बोट दाखवील, आणि मोठे साहेब ‘वरून विचारून सांगतो’ म्हणतील. त्यांच्या प्रशिक्षणात हा विषय मन लावून शिकवणारे कोणी आलेलेच नसते.

कायदा आणि काउंटर यांच्यामधली ही दरी भरून काढणारा माणूस तयार करणे, हे या विद्याशाखेचे काम. तिला विकलांगता अभ्यास म्हणा, दिव्यांग धोरण म्हणा. नावावर माझा हट्ट नाही. तसे शब्द आपण पुष्कळ बदलले. पूर्वी अपंग होते, मग विकलांग आले, २०१५ नंतर सरकारी कागदावर दिव्यांग आले. शब्द बदलला की दारावरची पाटी बदलते, दारापुढच्या पायऱ्या मात्र तेवढ्याच राहतात.

अष्टावक्राची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. जनकाच्या सभेत त्याचे आठ ठिकाणी वाकलेले शरीर पाहून पंडित हसले. तेव्हा, ही तर कातड्याची पारख करणारी मंडळी, असे त्याने त्यांना सुनावले. गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. पण त्या सभागृहाला पायऱ्या किती होत्या, हे आजवर कोणी विचारले नाही. हा पायऱ्यांचा प्रश्न विचारायला सुरुवात झाली ती विलायतेत, आणि तीही गंमत म्हणजे एका मुक्त विद्यापीठात. १९७५ साली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने टपालाने आणि दूरचित्रवाणीने शिकवायचा एक अभ्यासक्रम काढला. त्याच्या उभारणीत व्हिक फिंकेलस्टाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते दक्षिण आफ्रिकेतले. वर्णद्वेषाच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल तुरुंग भोगून ब्रिटनमध्ये आलेले, आणि स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसणारे. अभ्यासक्रमाचे पहिले नाव होते ‘समाजातील अपंग व्यक्ती’ अशा अर्थाचे. पुढे सुधारणा होत गेल्या आणि शेवटच्या आवृत्तीचे नाव झाले ‘अपंग करणारा समाज’. वीस वर्षांत नाव उलटे झाले. माणसाच्या पायात दोष आहे ही एक गोष्ट, आणि कचेरी दुसऱ्या मजल्यावर ठेवून तिला जिना तेवढा दिला ही दुसरी. पहिलीवर डॉक्टर उपाय करतील. दुसरीवर कोण करणार? या प्रश्नातून ही विद्याशाखा जन्मली.

आपल्याकडे ती आली नाही असे नाही. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेने या विषयाचे केंद्र काढले आणि समाजकार्याच्या एम.ए.मध्ये त्याला स्वतंत्र स्थान दिले. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात माणसे घडवते आहे. पण देवनारचे शिक्षण इंग्रजीतून, मुंबईत राहून, पूर्ण वेळ घ्यायचे. सटाण्याच्या विशेष शाळेत दहा वर्षे शिकवणारी बाई ते घेऊ शकत नाही. सुरगाण्याचा ग्रामसेवक घेऊ शकत नाही. आणि चाकाची खुर्ची घेऊन लोकलचा प्रवास करणे किती जणांना जमेल, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर आमचे काही जुने कार्यकर्ते मित्र म्हणतात, पदव्या घेऊन का कुणी हे काम केले? आमच्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली ‘प्रबोधिनी’ उभी केली, ती स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. सातपूरला राष्ट्रीय अंध कल्याण संघाच्या महाराष्ट्र शाखेचे काम उभे राहिले, ते माणसांच्या चिकाटीवर. ही माणसे मोठी आहेत, आणि कुठलीही पदवी त्यांची बरोबरी करणार नाही. पण मी त्यांना आणखी एका आईचे उदाहरण देतो. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली, तीही आपल्या मुलीसाठी, मालिनीसाठी. पंचवीस वर्षे शाळा चालवल्यावर या बाई लंडन विद्यापीठात संशोधनाला बसल्या. विषय घेतला आपल्या अंगणवाड्यांचा. एकात्मिक बालविकास योजना कागदावर सर्व बालकांसाठी होती. प्रत्यक्षात अपंग बालके तिच्यातून गळत होती, आणि ती गळतात हे कुणाच्या नोंदीतही नव्हते. त्यांच्या प्रबंधात त्यांना नाव मिळाले ‘अदृश्य मुले’. शाळेने पंचवीस वर्षांत काही हजार मुलांना हात दिला असेल. पण देशभरातली किती मुले दारातूनच परत जातात, हे शाळा चालवून कळले नाही. त्यासाठी अभ्यासच करावा लागला. आणि इकडे मालिनी चिब, ज्यांना एका बोटाने टाइप करावे लागते, त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या.

बँकेच्या माणसाला यात नवल वाटत नाही. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शेतकऱ्याला कर्ज द्या असा हुकूम आला, तेव्हा शाखाधिकारी काही वाईट माणसे नव्हती. पण विहिरीला कर्ज किती, पाणी लागले नाही तर काय, हप्ता पिकाच्या कोणत्या महिन्यात, हे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय काढले, आणि बँकांनी शेतकी पदवीधर नेमले. चांगला हेतू कामाला लावायचा तर त्याचा विषय करावा लागतो, शिकवणारे लागतात, परीक्षा लागते. शेतकऱ्याच्या बाबतीत जे पटले, ते अपंगांच्या बाबतीत पटायला इतकी वर्षे का लागावीत?

खरे तर आता पटवण्याचा प्रश्नच उरलेला नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव झाल्या. हे वर्तमानपत्रांतून आले, लोकांना माहीत आहे. त्याच कायद्यातले ४७वे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. लोकप्रतिनिधी, अधिकारी, पोलीस, न्यायाधीश, वकील यांच्या प्रशिक्षणात अपंगांच्या हक्कांचा विषय असावा, शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा आणि अंगणवाडी सेविका, इंजिनिअर, वास्तुरचनाकार यांच्या अभ्यासक्रमात तो असावा, असे ते सांगते. आणि पुढे म्हणते, की सर्व विद्यापीठांनी या विषयाच्या अध्यापनाला व संशोधनाला चालना द्यावी, त्यासाठी अभ्यासकेंद्रे काढावीत. सर्व विद्यापीठांनी! एखाद-दुसऱ्या हौशी विद्यापीठाने नव्हे.

असे एक अभ्यासकेंद्र काय करू शकते ते हैदराबादने दाखवले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता, की रस्ते, इमारती, वाहने आम्हांला वापरता येतील अशी करा. २०१७ साली न्यायालयाने आदेश दिले, तरी काम रेंगाळले. मग न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या विकलांगता अभ्यास केंद्राला पाहणी करायला सांगितले. केंद्राचा अहवाल पुढे आला आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की सुगमतेचे सरकारी नियम नुसते शिफारशीवजा आहेत, ते कायद्याशी विसंगत आहेत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. मोर्चे, निवेदने, उपोषणे यांनी जे एकोणीस वर्षांत झाले नाही, ते शिकलेल्या माणसांनी गावोगाव हिंडून लिहिलेल्या एका अहवालाने पुढे सरकले.

आता आपल्या नाशिककडे या. आपण आपल्या गावाला तीर्थक्षेत्र म्हणतो, द्राक्षांचे गाव म्हणतो. पण महाराष्ट्रभरची माणसे जिथे घडवली जातात असे गाव म्हणून त्याच्याकडे पाहत नाही. त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्यातले फौजदार इथून तयार होऊन बाहेर पडतात. म्हसरूळला १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. महाराष्ट्रभरची वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. आणि गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९पासूनचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचे ब्रीदच ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. ४७व्या कलमात ज्यांची नावे आहेत, त्यांतला पोलीस, डॉक्टर, नर्स आणि शिक्षक हे या एका शहराच्या वाटेने जातात.

पोलिसांचेच घ्या. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. अत्याचार झालेली स्त्री अपंग असेल तर तिची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायची, तिचे चित्रमुद्रण करायचे. २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. पण पेठ तालुक्यातल्या ठाण्यावर रात्री अकरा वाजता खुणांची भाषा जाणणारा दुभाषी कुठून आणायचा? कुणाच्या यादीत त्याचे नाव असायला हवे? ती यादी कोणी करायची? हे प्रश्न अभ्यासाचे आहेत. त्यांची उत्तरे तयार नसली, तर कायदा ठाण्याच्या पायरीशीच संपतो.

डॉक्टरांची कथा याहून बोलकी आहे. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा सुरुवातीच्या पायाभूत वर्गात अपंगत्वाविषयीचे धडे घातले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या मार्गदर्शिकेतून ते गळाले. स्वतः अपंग असलेल्या डॉक्टरांनी हरकत घेतली, इतर मजकुरावरही गदारोळ झाला, आणि सप्टेंबरमध्ये मार्गदर्शिका मागे घ्यावी लागली. विषयाला स्वतःचे घर नसले की असे होते. पाहुण्यासारखा येतो, पाहुण्यासारखा जातो.

म्हणून माझे मागणे असे आहे. मुक्त विद्यापीठाने अपंगत्वविषयक धोरण, प्रत्यक्ष काम आणि समावेशन यांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मराठीतून चालवावा. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. घरी बसून शिकण्याची सोय ज्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त हवी, तो अपंग विद्यार्थीच आहे. पुस्तके छापील मिळोत, ध्वनिमुद्रित मिळोत आणि ब्रेलमध्येही मिळोत. शिकवणाऱ्यांत अपंग अध्यापक असोत. नाही तर अपंगांविषयी सर्व काही अपंगांवाचून, असा प्रकार व्हायचा. आणि निम्मे गुण प्रत्यक्ष कामाला असावेत. आरोग्य विद्यापीठाने आणि पोलीस अकादमीने या विद्यार्थ्यांना आपल्या दारात येऊ द्यावे, आणि आपलेही काही अधिकारी या वर्गात पाठवावेत.

प्रबंधाला विषय शोधत हिंडायला नको. २०२६-२७च्या सिंहस्थासाठी आराखडे झाले. रामकुंडावर चाकाची खुर्ची पाण्यापर्यंत कशी जाईल, हरवलेला कर्णबधिर यात्रेकरू पोलिसाला आपले गाव कसे सांगेल, हा एक विषय. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. एका तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे दप्तर काढून ते पैसे कुठे गेले ते पाहणे, हा दुसरा. हिशेब वाचायला शिकलेला अपंग तरुण ग्रामसभेत उभा राहिला, तर त्याला दयेने कुणी खाली बसवू शकणार नाही. आणि ‘प्रबोधिनी’सारख्या संस्थांत पन्नास वर्षांत साठलेले शहाणपण, कोणत्या मुलाला काय जमले आणि का जमले, हे त्या पिढीच्या माघारी जाऊ नये म्हणून लिहून काढणे, हा तिसरा.

‘पुढे नोकरी कुठली?’ हा प्रश्न उरतोच, आणि मध्यमवर्गीय घरात तो विचारला जाणारच. त्याचे उत्तरही कायद्यात आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा. संस्थांना समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. जिल्हा पातळीवर समित्या आहेत. महाराष्ट्राने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला. आज ही कामे बहुधा कुणाच्या तरी गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून पडतात. त्या खुर्च्यांवर शिकलेली माणसे बसवा असा आग्रह धरला, तर नोकऱ्या आहेत. बँकांनाही ही माणसे लागणार आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोबाइलवरून ओळख पटवण्याची पद्धत अंध आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा गमावलेल्या लोकांना वापरता येईल अशी करा. डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या यंत्रापुढे ज्याला डोळे मिचकावता येत नाहीत, त्याने काय करायचे? हा प्रश्न तेथील तंत्रज्ञाला आधी सुचला नाही, कारण त्याला कोणी शिकवला नव्हता.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. त्या वेळी प्रकार कमी होते, म्हणजे खरा आकडा मोठाच असणार. शिवाय हा आकडा आज धडधाकट असलेल्यांचा समावेश करत नाही. साठी ओलांडलेल्या आम्हा मंडळींना गुडघे, डोळे आणि कान रोज आठवण देतात, की त्या यादीत नाव घालायला वेळ लागत नाही. घाटाचा उतार, बसची खालची पायरी, मोठ्या अक्षरातला फॉर्म ही सोय उद्या ज्याला त्याला लागणार आहे.

तेव्हा वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. घरात बी.ए., बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी पुढे काय करावे म्हणून बसली असेल, तर या विषयाचे नाव तिच्या कानावर घालावे. आणि आपल्यापैकी जे नोंदणीकृत पदवीधर आहेत, त्यांच्याकडे अधिसभेच्या निवडणुकीत मते मागायला उमेदवार येतील, तेव्हा त्यांना चहा जरूर द्यावा, आणि कप हातात असतानाच विचारावे, की ४७व्या कलमाचे आपल्या विद्यापीठाने काय केले?